पळपुटे कोंब

त्या बागेत तिला तिच्या नावाने कुणी हाक मारत नसे. सगळ्यांची ती आळेबाई. झाडाच्या बुंध्याभोवती पाणी धरायला मातीचा जो गोल करतात ते आळं. त्यात काही मोठी विद्या नाही. पण आळं गोल म्हणजे किती गोल, याबद्दल तिची मतं कडक होती. बुंध्याला दोरीचा सैल वेढा द्यायचा, दोरीच्या टोकाला खुरपं बांधायचं आणि वाकून पूर्ण फेरी मारायची. रेघ उमटली की आत झाड आणि बाहेर उघडी माती, अंगणासारखी झाडलेली. रेघेबाहेर जे उगवेल ते उपटायचं. ते काय आहे, कशाला आलं आहे, असल्या चौकशा करायच्या नाहीत.

बाग एका महाविद्यालयाची. मुलांना झाडं ओळखायला शिकवायची म्हणून लावलेली. रांगेने वाफे, प्रत्येक झाडापुढे पत्र्याची पाटी, पाटीवर नाव. मागच्या बाजूला काचघर, त्याला लागून अवजारांची खोली, आणि मुख्य इमारतीच्या वरच्या मजल्यावर वाळवलेल्या झाडांचं दालन. आळेबाई इथे सव्वीस वर्षं कामाला होती आणि सव्वीस वर्षांत तिच्या वाफ्यांकडे बोट दाखवायची कुणाची टाप नव्हती. पाहुणे आले की त्यांना आधी तिच्याच बाजूने फिरवत. ती तेवढ्यापुरती खुरपं हातात धरून सरळ उभी राहायची, चेहरा असा की मला काही त्याचं नाही. पण त्या दिवशी घरी दोन पोळ्या जास्त खायची.

तिचा नवराही याच बागेत, काचघरात कामाला होता. त्याचंही नाव कुणी घेत नसे. त्याला म्हणत येईलबुवा. या नावामागे एक झाड होतं, आणि ते झाड लावलं होतं आळेबाईच्याच वाफ्यात.

लग्नाआधी तरुणपणी तो दूर कुठेतरी, जिथे वर्षातले आठ महिने पाऊस पडतो अशा गावी, एका मोठ्या अतिथीगृहात झाडूपोछा करायचा. तिथल्या दिवाणखान्यात मधल्या टेबलावर पितळी घड्यात एक फूल ठेवत. लांबच लांब दांडी, तिला औषधालाही पान नाही, आणि टोकाला तळहाताएवढं लाल फूल, मेणाचं ओतून केल्यासारखं. आठवडाभर ते मान टाकत नसे. रोज त्या टेबलाखाली झाडताना हा वर बघायचा. नोकरी सुटली तेव्हा तिथल्या माळ्याने त्याला त्या झाडाचा एक गड्डा दिला. तो त्याने ओल्या गोणपाटात गुंडाळून आणला, घरी डब्यात वाढवला, आणि बरीच वर्षं थांबून, साहेबांची परवानगी काढून, बायकोच्या तेराव्या वाफ्यात लावला. लेक तेव्हा आठ वर्षांची होती. तिच्या हातूनही त्याने मूठभर माती टाकून घेतली.

झाड उत्तम वाढलं. दोन पुरुष उंचीच्या दांड्या, हातभर लांब पानं, कोवळ्या पानाची पाठ वांग्याच्या रंगाची. फूल मात्र नाही. पहिल्या वर्षी कुणी विचारलं तर तो म्हणाला, "येईल." दुसऱ्या वर्षीही म्हणाला, "येईल की." तिसऱ्या वर्षी लोकांनी विचारणं सोडलं आणि चिडवणं धरलं. सकाळी हजेरीच्या वेळी कुणीतरी हटकून म्हणायचं, "काय बुवा, आलं का?" आणि तो शांतपणे उत्तर द्यायचा. माणूस भांडला असता तर चार दिवसांत विषय मिटला असता. पण तो मान वर करून त्या दांड्यांच्या शेंड्याकडे बघत उभा राहायचा, आणि लोकांना तेच हवं असायचं.

नवऱ्याला लोक हसतात तेव्हा बायकोने काय करावं याचे दोनच रस्ते असतात. लोकांच्या अंगावर जावं, नाहीतर लोकांच्या आधी आपणच हसून घ्यावं. आळेबाईने पहिली दोन वर्षं पहिला रस्ता धरला आणि मग दमून दुसरा. "पितळी घड्यात पाहिलंत की झोपेत?" ती चारचौघांत विचारायची. घरीही तेच. लेकीला फ्रॉक आणतो म्हणाला की ही पोळी लाटता लाटता म्हणायची, "येईल हो, येईल." लेक खुदकन हसायची. पुढे लेकीनेही ते उचललं. बाबा म्हणाले म्हणजे होणार नाही, हे त्या घरात पक्कं झालं. खरं तर त्या माणसाने कबूल केलेल्या बऱ्याच गोष्टी आणल्या होत्या, फ्रॉकसुद्धा. पण एकदा शिक्का बसला की बसला.

झाड लावल्यापासून आठव्या वर्षी तो आजारी पडला. दोन महिने रुग्णालयात होता आणि तिथूनच गेला. त्यानंतर चौदा वर्षं आळेबाईने ते झाड सांभाळलं. मायेने म्हणावं तर तसं नव्हतं. इतर वाफ्यांना पाणी घालायची तसंच त्यालाही घालायची. पण रोज सकाळी त्या वाफ्याशी पोचलं की एक गोष्ट तिला डाचायची, आणि ती तिने कुणालाही सांगितली नव्हती. तो खोटं बोलला होता का? बोलला असेल, तर आयुष्यभर एका थापेला धरून बसलेल्या माणसाशी तिने संसार केला होता. आणि बोलला नसेल, तर तिने एका खऱ्या माणसाची आयुष्यभर टिंगल केली होती. यातलं बरं काय, हे तिला ठरवता येत नसे. म्हणून ती आळं जास्तच गोल करायची.

तिच्या निवृत्तीला वर्ष उरलं तेव्हा नवे अधीक्षक आले. तरतरीत माणूस, हातात सदोदित एक टिपणवही. त्यांनी पहिल्याच आठवड्यात सगळी बाग पालथी घातली आणि हुकूम काढला. दर्शनी वाफ्यांत ज्या झाडाला नाव नाही ते वर्षअखेर काढायचं आणि तिथे शोभेचे पाम लावायचे. शिकवण्याच्या बागेत बिननावाची झाडं म्हणजे हसं, असं त्यांचं म्हणणं. तेही चुकीचं नव्हतं. तेराव्या वाफ्यातल्या गंजक्या पाटीवर बावीस वर्षं एकच शब्द होता: अनोळखी. याआधी कुणी त्याला रानकेळ म्हटलं होतं, कुणी कर्दळीचा भाऊ. फुलाशिवाय पुढे जायची कुणाला गरज वाटली नव्हती.

आळेबाईने हुकूम ऐकला, खुरपं धुतलं, पदराला हात पुसले आणि आयुष्यात पहिल्यांदा वरच्या मजल्यावर गेली.

दालनात डांबरगोळ्यांचा वास होता. भिंतीभर लोखंडी कपाटं, टेबलांवर जुन्या वर्तमानपत्रांचे गठ्ठे आणि त्यांत दाबून ठेवलेली झाडं. खिडकीपाशी एक बाई सुईदोऱ्याने एक वाळलेली फांदी जाड कागदावर टाचत होती. बागेतले लोक तिला कागदवाल्या मॅडम म्हणत. वय तिशीचं, बोलणं थोडं. आळेबाईने आपलं काम सांगितलं. मॅडमनी टाका पुरा केला आणि म्हणाल्या, "मावशी, नुसत्या पानावरून घराणं सांगता येतं. माणूस कोण ते नाही सांगता येत. त्याला फूल लागतं."

"फूल नाही आलं कधी."

"बावीस वर्षांत?"

"कधीच नाही."

मॅडम उठल्या. "चला, बघू तरी."

वाफ्यापाशी येऊन त्यांनी एक पान ओढून घेतलं, ते दांडीला कुठे चिकटलं आहे ते पाहिलं, पानं दोन बाजूंना दोन रांगांत कशी लागली आहेत ते पाहिलं. मग पानाचा तुकडा तोडून हातावर चुरडला, हुंगला आणि म्हणाल्या, "मावशी, हे आलं."

आळेबाईने चटकन मान वर केली आणि शेंड्याकडे बघितलं. "कुठे आलं?"

मॅडमना क्षणभर कळेना. मग त्या हसल्या. "फूल नव्हे हो. आलं. आपण चहात घालतो ते. वास बघा. हे झाड त्या घराण्यातलं आहे."

आळेबाईने तळहात नाकाशी नेला. वास खरंच आल्याचा होता, जरा वेगळा, जरा तिखट. तो होता तोवर आख्खी बाग त्या माणसाला "आलं का, आलं का" म्हणून चिडवत होती आणि झाडाने बावीस वर्षं तोच जबाब पानात धरून ठेवला होता. एरवी ती असल्या विनोदाला पोट धरून हसली असती. त्या दिवशी तिला हसू आलं नाही.

"तुमच्या यजमानांनी फूल पाहिलं होतं म्हणता. झाडावर पाहिलं होतं?"

"नाही. घड्यात. टेबलावर."

"दांडीला पानं होती?"

"औषधाला नव्हती, म्हणायचे. काढून टाकत असतील, असं त्यांना वाटायचं."

मॅडमनी वर बघणं सोडलं आणि त्या खाली बघायला लागल्या. साडी सावरून उकिडव्या बसल्या आणि आळ्याच्या रेघेवरून बोट फिरवलं. "फार सुरेख काढलंय हो हे. याच्याबाहेर काही उगवत नाही?"

"उगवतं की," आळेबाई म्हणाली. आता तिच्या विषयावर आल्यामुळे तिचा आवाज मोकळा झाला. "भारी द्वाड आहे हे झाड. आतल्या आत वाढेल तर शपथ. सारखं बाहेर कोंब काढतं, हातभर लांब, कधी दीड हात. मी त्यांना पळपुटे म्हणते. आठ दिवसांनी फेरी मारायची आणि एकेक उपटून टाकायचा. बुंध्याशी बुटकं काही आलं तर तेही काढते, हवा खेळायला नको का?"

"सगळे सारखेच असतात?"

"छे. दोन जाती. हिरवे असतात ते चिवट, टोकाला अणकुचीदार, पान गुंडाळल्यासारखं. लाल असतात ते जाडे, त्यांना पान नसतंच. ते काकडीसारखे कटकन मोडतात. त्यांना काही जोर लागत नाही."

हे बोलताना तिने अंगठा आणि दोन बोटं एकत्र आणून मोडण्याची खूण केली. मॅडम त्या बोटांकडे बघत राहिल्या.

"मावशी, वेलदोडे कुठे लागतात माहीत आहे?"

"झाडाला."

"झाडाला, पण शेंड्याला नाही. बुडाशी, जमिनीलगत, वेगळ्या दांडीवर. तोही याच घराण्यातला. या लोकांत काहींची तीच रीत असते. पानांची दांडी निराळी आणि फुलाची निराळी. फुलाची दांडी थेट जमिनीतल्या गड्ड्यातून वर येते. तिला पान नसतंच. काढून टाकायचा प्रश्नच नाही."

मॅडम सावकाश बोलत होत्या, पण आळेबाईला त्यांच्या दुसऱ्या वाक्यालाच कळलं होतं. तिची बोटं अजून मोडण्याच्या खुणेतच होती. ती तिने सोडली आणि पदराखाली घेतली.

मग तिला जे आठवलं ते आठवलं नसतं तर बरं, असं ती पुढे कित्येक दिवस मनाशी म्हणत होती. नवरा गेला त्या वेळी ती दोन महिने बागेत आली नव्हती. बदली जो गडी दिला होता तो पाण्यापलीकडे कशालाही हात लावत नसे. ती कामावर परतली तेव्हा तेराव्या वाफ्यात रान माजलं होतं. आळ्याची रेघ बुजली होती आणि चहूकडे लाल, बिनपानाच्या दांड्या उभ्या होत्या, कमरेएवढ्या. प्रत्येकीच्या टोकाला एक मिटलेला टोकदार गड्डा, कांद्याएवढा. दहा-अकरा तरी असतील. तिला संताप आला. ते माणूस गेलं, हे बदमाश झाड मात्र बेफाम सुटलंय, असं काहीतरी तिच्या मनात आलं होतं. तिने कोयता आणला आणि सगळ्या दांड्या जमिनीलगत छाटल्या. ढकलगाडीत भरून खताच्या खड्ड्यात नेऊन टाकल्या. मग दोरी बांधून नवं आळं काढलं आणि त्या दिवशी पहिल्यांदा मोकळेपणी रडली. तिथेच, वाफ्याच्या कडेला बसून. आणखी आठ दिवस ती घरी बसली असती तर फुलं उमलली असती.

"मला ठाऊक होतं," ती मॅडमना म्हणाली.

"काय?"

"दोन जाती आहेत हे. हाताला ठाऊक होतं. मी विचारलं नाही कधी."

मॅडमनी तिची समजूत घातली नाही. त्यांनी फक्त काय करायचं ते सांगितलं. आळं मोडायचं. उपटणं बंद. झाडलेली माती या झाडाला मानवत नाही, त्याला सावली, ओल आणि पालापाचोळ्याचा जाड थर लागतो. बाकीच्या वाफ्यांतून गोळा होणारा पाला जाळायचा नाही, इथे आणून पसरायचा. पाणी रोज, पण साचू द्यायचं नाही. आणि वाट बघायची.

वाट बघणं हे आळेबाईच्या रक्तातच नव्हतं. पहिला आठवडा ती तेराव्या वाफ्यावरून जाताना मान फिरवून जायची. तिच्या वाफ्यात पाला, तिच्या वाफ्यात तण! हात असे शिवशिवायचे की तिने खुरपं अवजारांच्या खोलीत ठेवून द्यायला सुरुवात केली. लोक म्हणाले, म्हातारीचं डोकं फिरलं, निवृत्ती जवळ आली की असंच होतं. अधीक्षकांनी बोलावून घेतलं. "बाई, तुमच्याकडून ही अपेक्षा नव्हती," ते म्हणाले, आणि ते मनापासून म्हणाले. तिने ऐकून घेतलं. कारण सांगितलं असतं तर सगळंच सांगावं लागलं असतं, आणि तेवढा धीर तिला तेव्हा नव्हता. मॅडमनीच अधीक्षकांकडे जाऊन वर्षअखेरपर्यंतची मुदत पक्की करून आणली.

चार महिने हिरवे कोंब तेवढे आले. ती रोज पाला बाजूला सारून बघायची आणि परत सारखा करायची. झाडाने आता नादच सोडला असेल, असं तिला वाटायला लागलं. इतकी वर्षं ज्याला वर डोकं काढू दिलं नाही ते झाड आता माझ्या सोयीने का फुलावं? तिला हे न्यायाचंच वाटत होतं. मग उन्हाळा सरता सरता एका सकाळी, बुंध्यापासून हातभर दूर, पाल्यातून एक लाल टोक वर आलं होतं. चार दिवसांनी आणखी दोन.

पुढचे दोन महिने तिने त्या टोकांभोवती घातले. बोटाएवढं झालं, कोपराएवढं झालं, गुडघ्याला लागलं. ती कुणाला जवळ फिरकू देत नसे. पाण्याची नळी हातात धरायची आणि धार बोटांवर घेऊन मगच मातीत सोडायची. टोकाला गड्डा धरला तेव्हा तिने तो ओळखला, आणि त्या दिवशी तिने जेवणाचा डबा उघडला नाही.

फूल उमललं ते एका साध्या कामाच्या दिवशी, हजेरीच्या आधी. बिनपानाची सरळ दांडी, कमरेच्या वर. टोकाला लाल जाड पाकळ्या, खालच्या मोठ्या खाली वळलेल्या, वरच्या एकावर एक मिटत गेलेल्या, आणि सगळ्यांवर मेणाची झिलई. तळहाताएवढं. तिने खरंच तळहात शेजारी धरून पाहिला. जसं सांगितलं होतं तसंच होतं. त्याने एक अक्षरही वाढवून सांगितलं नव्हतं.

तिला आनंद झाला नाही. लोक समजतात की अशा वेळी माणसाला आनंद होतो. तिला त्याच्यापुढे स्वतःची इतकी लाज वाटली की तो समोर असता तर तिला वर बघता आलं नसतं. आणि तो समोर नव्हता, हे त्याहून वाईट होतं.

कागदवाल्या मॅडमनी दुसरं फूल दांडीसकट कापून घेतलं, उभं चिरून आतली बारीक खरी फुलं भिंगाखाली पाहिली, पुस्तकांशी ताडली आणि नाव पक्कं केलं. लॅटिन नाव पाटीवर गेलं आणि त्याखाली लोकांसाठी सोपं: टॉर्च जिंजर, म्हणजे मशालीसारखं फूल येणारं आलं. पाम लावायचा बेत रद्द झाला. अधीक्षकांनी फुलाशेजारी उभं राहून फोटो काढून घेतला. लोक येऊन बघून गेले आणि बऱ्याच जणांनी म्हटलं, "बुवा खरं बोलत होता म्हणायचा. झाडानेच बावीस वर्षं लावली."

मॅडमनी जिन्यात तिला गाठलं. "मावशी, लोक म्हणतायत तेच राहू दे. काही झाडं उशिरा फुलतात. कुणी खोलात जाणार नाही. मी तर नाहीच बोलणार."

आळेबाई "बरं" म्हणाली. मॅडमचं मन चांगलं होतं. आणि मोह मोठा होता. असं म्हटलं की तोही खरा ठरत होता आणि तिचं आळंही गोल राहत होतं.

महिन्याने तिचा निरोप समारंभ झाला. व्याख्यानाच्या खोलीत, पायऱ्यापायऱ्यांच्या बाकांवर बागेचे लोक आणि शिक्षक बसले होते. तिची लेक एका दवाखान्यात औषधं द्यायच्या खिडकीवर काम करायची. ती अर्ध्या दिवसाची रजा काढून आली होती आणि शेवटच्या बाकावर बसली होती. अधीक्षक छान बोलले. चिकाटी म्हणजे काय ते आमच्या बाईंकडे बघावं, म्हणाले. ज्या झाडाने बावीस वर्षं दाद दिली नाही ते बाईंच्या निगराणीने अखेर फुललं, म्हणाले. टाळ्या झाल्या. मग तिला दोन शब्द बोलायला सांगितलं.

ती उभी राहिली. हात कुठे ठेवावे ते तिला कळेना.

"ते झाड दरवर्षी फुलायला बघत होतं," ती म्हणाली. "मी उपटत होते."

लोक हसले. बाईंचा विनय, असं कुणीतरी म्हणालं. अधीक्षकही हसत होते.

"नाही, हसू नका. त्याची फुलं जमिनीतून येतात, आळ्याबाहेर. मी आठवड्याला उपटायची. बावीस वर्षं. आमचे मालक गेले त्या महिन्यात तर कमरेएवढ्या कळ्या आल्या होत्या, त्या मी कोयत्याने कापल्या. तुम्ही त्यांना येईलबुवा म्हणत होतात. मीही म्हणत होते, घरी, पोरीसमोर. ते काही खोटं बोलत नव्हते. मी वाफा स्वच्छ ठेवत होते." ती थांबली. आणखी काही सांगायचं आहे का, ते तिने आठवून पाहिलं. "एवढंच," म्हणाली आणि बसली.

कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. हजेरीच्या वेळी सगळ्यात जास्त चिडवणारा काचघरातला म्हातारा गडी समोरच बसला होता. तो आपल्या चपलांकडे बघत राहिला. मग अधीक्षकांनी खाकरून चहा आला आहे असं सांगितलं आणि खोली हलली.

मायलेकी चहाला थांबल्या नाहीत. बागेच्या मागच्या फाटकाशी बाक होतं, तिथे येऊन बसल्या. लेक बराच वेळ पर्सचा बंद बोटाला गुंडाळत होती.

"आई, एक सांगू?"

"सांग."

"रुग्णालयात, शेवटच्या आठवड्यात. तू खाली औषधं आणायला गेली होतीस. बाबा नर्सला त्या फुलाचं सांगत होते. ते टेबल, तो घडा, सगळं. ती बिचारी ऐकत होती. मलाच लाज वाटली. मी म्हटलं, बाबा, पुरे करा ना आता, त्यांना कामं आहेत." लेकीचा आवाज सरळ होता, औषधाच्या खिडकीवर डोस समजावून सांगावा तसा. "ते गप्प झाले. नंतर बोलले, पाणी दे, उशी सरकव, असलं. पण त्या फुलाचं नाव त्यांनी परत काढलं नाही. कुणाजवळच नाही."

आळेबाईने हे आज पहिल्यांदा ऐकलं.

"तू सोळा वर्षांची होतीस," ती म्हणाली.

"म्हणून काय?"

"त्या वयात पोरीला एवढंच ठरवता येतं, बापाचं खरं मानायचं की आईचं. तू माझं मानलंस."

लेक रडायला लागली, आवाज न करता. आळेबाईने तिच्या पाठीवर हात ठेवला. आपली चूक होती, हे तिने मघाशी सगळ्यांसमोर सांगितलं होतं आणि तेव्हा ते सांगून झालं असं तिला वाटलं होतं. ते अजून सांगून झालं नव्हतं.

तुझी काही चूक नाही, आई, असं लेक म्हणाली नाही. आळेबाईला तेच बरं वाटलं.